चाळीस मिनिटांची वसाहत

४ फेब्रुवारी

प्रिय काकू,

फोन केला असता, पण फोनवर तुला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने भरतेस, असं तुझा मुलगाच म्हणतो. म्हणून पत्र.

आमचं जूनपासून शहरात यायचं नक्की झालं. आता घर शोधायचंय. शहराच्या मधोमध राहिलो तर ठिणगीला पाय पसरायलाही जागा मिळणार नाही, म्हणून बाहेरच्या वसाहती बघतोय. तीन निवडल्या आहेत: नदीपलीकडची टेकडीवरची, तिच्याही पुढची नव्या उंच इमारतींची, आणि नदीच्या अलीकडे जुन्या गोदामांच्या मागची. इथून फक्त फोटो दिसतात, आणि तिन्ही फोटोंत एकच झोपाळा आहे. तू तिथेच शहरात आहेस. जाऊन बघून येशील का?

शाळा चालत जाण्याइतकी जवळ हवी. आसपास तिच्या वयाची पोरं हवीत. पण मुख्य गोष्ट वेगळी आहे. सध्या आम्ही दोघं कामावरून येतो तेव्हा ठिणगी शेजारच्या ताईंकडे झोपलेली असते. तिला खांद्यावर टाकून आणायचं, सकाळी अर्धवट झोपेत शाळेत सोडायचं. पोरगी सहा वर्षांची झाली, तिच्याशी नीट बोलणं होतं ते रविवारी. म्हणून ठरवलंय, एकाने शहरात कामाला जायचं आणि एकाने घरी बसून काम करायचं. आणि जाणारं माणूससुद्धा ती जागी असताना घरी पोचलं पाहिजे. एवढं जमलं तर सगळी उचलठेव सार्थकी लागली म्हणेन.

शाळेचे अर्ज एप्रिलच्या मध्यावर बंद होतात. त्याआधी वसाहत ठरायला हवी.

तुझी,
घाई

१५ फेब्रुवारी

चि. घाईस आशीर्वाद.

तुझ्या काकांनी तुझं हे नाव ठेवलं तेव्हा तू दवाखान्यात काचेच्या पेटीत होतीस. दोन महिने आधी आलेल्या पोरीचं दुसरं काय नाव ठेवणार? पण घर निवडताना मात्र तू सावकाश घे. पळापळ करायला मी आहे. पाय शाबूत आहेत, वेळ रगड आहे.

माझी पद्धत तुला सांगून ठेवते. नवी वस्ती बघायला गेले की मी आधी तिथलं वाचनालय गाठते. तुला माहीत आहे, शाळा माझी तिसरीत सुटली. काका छापखान्यात जुळारी होते, खिळे जुळवून पानं बांधायचे, आणि बिघडलेले छापील कागद घरी आणायचे. त्या कागदांवर मी वाचायला शिकले. सोळा पानांचा एकेक फर्मा. सतराव्या पानावर काय झालं ते काका रविवारी तोंडी सांगायचे. तेव्हापासून पुस्तकं बघून मला माणसं कळतात. मुलांच्या कपाटातली पुस्तकं फाटकी असतील तर तिथे मुलं आहेत. करकरीत असतील तर फक्त फोटोतला झोपाळा आहे.

उंच इमारतींचं आधी निकालात काढते. दलाल माझ्यामागे छत्री घेऊन फिरत होता. "आजी, इथून सगळं पाच मिनिटांवर," म्हणाला. मी विचारलं, "कुणाच्या पाच मिनिटांवर? तुझ्या मोटरसायकलच्या?" शाळा मला चालत तेवीस मिनिटांवर लागली, वाटेत पायवाट नाही. वाचनालय कुठे विचारलं तर त्याने व्यायामशाळा दाखवली. ती वसाहत मी खोडली.

टेकडी मात्र मनात भरली. दोन मजली घरं, प्रत्येकाला मागे अंगण, शाळा नऊ मिनिटांवर, आणि शाळेला खरंखुरं मैदान. वाचनालय चालवणाऱ्या बाई सेवानिवृत्त मुख्याध्यापिका आहेत. मुलांची पुस्तकं चिकटपट्ट्या लावून लावून जाड झालेली. मी त्यांच्याशी तासभर बोलले. चहाही झाला.

आता अंतर. सकाळी आठला माझ्या घराजवळून बस धरली आणि हातात घड्याळ धरून बसले. टेकडीच्या थांब्यावर उतरले तेव्हा आठ चाळीस. एक मिनिट इकडे तिकडे नाही. चाळीस मिनिटं म्हणजे जावईबापूंची एक डुलकी. तू घरी असशीलच. मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना पोर डोळ्यांसमोर राहील, याहून काय हवं?

गोदामांच्या मागे अजून गेले नाही. जायची गरज पडेलसं वाटत नाही.

तुझी,
काकू

२३ फेब्रुवारी

प्रिय काकू,

तुझं पत्र आम्ही दोघांनी दोनदा वाचलं. दलालाच्या छत्रीचा भाग ठिणगीलाही वाचून दाखवला. ती आता सगळ्यांना विचारते, "कुणाच्या पाच मिनिटांवर?" आंघोळीला बोलावलं तरी हेच.

नवऱ्याने टेकडीवरच्या एका घराच्या मालकांना फोन केला. आवाजावरून भला माणूस वाटला. मागची खोली याला कामाला मिळेल, खिडकीखाली टेबल मावेल, वगैरे कागदावर आखूनही झालं.

सहज विचारते. तुमचं जुनं घरही नदीपलीकडेच होतं ना? काका किती वाजता घरी यायचे? मी सुट्टीत तुमच्याकडे यायचे तेव्हा ते दिवसा दिसल्याचं आठवत नाही. ते कसं निभावायचे?

तुझी,
घाई

२ मार्च

चि. घाईस आशीर्वाद.

काका साडेआठला यायचे. कधी नऊ. कधी कुरकुरले नाहीत. तेव्हा सगळेच पुरुष तसे जायचे आणि तसे यायचे. निभावायचं काय त्यात? जेवण गरम करून मिळत होतं, गादी घातलेली असायची.

घराबद्दल विचारशील तर असं घर पुन्हा होणे नाही. मागे अंगण, समोर रस्त्याला वळण, त्यामुळे गाड्या भरधाव जायच्या नाहीत. तुझा चुलतभाऊ तिथे गुडघे फोडून फोडून मोठा झाला. तुझे काका गेल्यावर विकलं, कारण एवढ्या घरात एकटीने दिवे तरी किती लावायचे? आता या दोन खोल्यांत बरी आहे. वाचनालय खालीच आहे.

जावईबापूंनी घर आखलं हे छान केलं. मागच्या खोलीत टेबल मात्र कशाला? रोज शहरात जाणाऱ्या माणसाला घरी बैठक हवी, टेबल नको.

तुझी,
काकू

८ मार्च

प्रिय काकू,

तुझ्यापासून काहीतरी लपवलंय असं म्हणणार नाही. पण तू समजलीस तसं मी तुला समजू दिलं, हे खरं.

शहरात मी जाणार आहे. काम मला मिळालंय. दातांच्या मोठ्या प्रयोगशाळेत कवळ्या बनवणाऱ्यांची प्रमुख म्हणून. माझ्या हाताखाली सहाजण असतील. नवरा इमारतींचे नकाशे काढतो, ते घरी बसूनही काढता येतात. म्हणून तो घरी राहील, ठिणगीला शाळेतून आणेल, दुपारी तिला जेवू घालेल. त्याचा भात माझ्यापेक्षा मोकळा होतो हे तू खाऊन बघितलंच आहेस.

तुझ्या पत्रात जावईबापूंची डुलकी वाचली आणि माझी लेखणी अडली. तू काय म्हणशील याची भीती वाटली. माझी सासू काय म्हणाली ते लिहीत नाही. चांगल्या कागदावर लिहिण्यासारखं नाही.

तर आता माझा हिशेब ऐक. सहाला सुटणार. तुझी चाळीस मिनिटं धरली तर पावणेसातला घरी. ठिणगी साडेआठला झोपते. म्हणजे मला रोज पावणेदोन तास ती मिळेल. काकू, सहा वर्षांत मला हे मिळालेलं नाही. तुझ्या घड्याळाच्या भरवशावर आम्ही या रविवारी टेकडीच्या मालकांना होकार कळवतोय.

रागावलीस का?

तुझी,
घाई

२० मार्च

चि. घाईस आशीर्वाद.

आधी कामाचं. होकार कळवू नको. कळवला असशील तर मागे घे. चाळीस मिनिटं चूक आहेत, आणि चूक माझी आहे.

रागावले नाही. सहाजण हाताखाली, हे वाचून दारातल्या शेजारणीला थांबवून सांगितलं. मग आत येऊन पत्र पुन्हा वाचलं, आणि मला एक गोष्ट खुपली. जावई जाणार होते तोवर मी एका फेरीत अंतर मोजून मोकळी झाले होते. तू जाणार म्हटल्यावर एका फेरीत भागेना. जेवायला वेळेवर बसेल का, उभी तर राहावी लागणार नाही ना, पावसात थांब्याला छप्पर आहे का, हे सगळे प्रश्न मला तेव्हा सुचले. तुझ्या काकांसाठी चोवीस वर्षांत एकदाही सुचले नव्हते.

म्हणून पिशवीत लुगडं घातलं आणि वाचनालयवाल्या बाईंकडे टेकडीवर मुक्कामाला गेले. त्या म्हणाल्या, "या की, पण घर बघायला दुसऱ्यांदा येणारं माणूस पहिल्यांदाच बघतेय." संध्याकाळी सहाला बागेत बसलो. पोरं भरपूर. आजीआजोबा आणि सांभाळणाऱ्या बायकाही भरपूर. आईबाप एकही नाही. मी विचारलं, तर बाई म्हणाल्या, "ते पुलावर असतात."

सकाळी सात चाळीसची बस धरली. बसायला जागा नव्हती, एका मुलीने उठून दिली. पुलाच्या अलीकडे बस उभी राहिली. नदीला एकच पूल, आणि अख्खी पलीकडची बाजू त्यावर. माझ्या शेजारचा माणूस निवांत पेंगत होता. कितव्या खांबापाशी जागं व्हायचं हे त्याच्या अंगात मुरलं होतं. शहरात उतरले तेव्हा सव्वानऊ. संध्याकाळी सव्वासहाला परत निघून बघितलं. टेकडीवर सात पन्नास.

मी पहिल्यांदा मोजलं ते शहरातून बाहेर जाताना. सगळं जग आत येत होतं आणि मी रिकाम्या बसमध्ये पाय पसरून उलटी चालले होते. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण खरं सांगू? त्या पुलापलीकडे मी चोवीस वर्षं राहिले आणि सकाळच्या बसमध्ये कधी बसलेच नव्हते. शहरात जायचे ती दुपारी, खरेदीला.

ते घर मी निवडलं होतं. काकांनी छापखान्याजवळच्या दोन खोल्या बघून ठेवल्या होत्या. मी म्हटलं, पोराला अंगण हवं. ते बरं म्हणाले. पोराला अंगण मिळालं, मला मिळालं. त्यांना मिळाला पूल. ते पहाटे निघायचे तेव्हा मुलगा झोपलेला, यायचे तेव्हाही झोपलेला. मुलाची झोपायची प्रत्येक तऱ्हा त्यांना पाठ होती. पण तो डावखुरा आहे हे त्यांना तो सहा वर्षांचा झाल्यावर कळलं. एका रविवारी चित्र काढताना बघून म्हणाले, "अगं, हा डाव्या हाताने काढतो!" मी हसले होते. आज हसू येत नाही.

ते कुरकुरले नाहीत असं मी तुला लिहिलं होतं. ते खरंच आहे. मी विचारलं नाही, हेही खरं आहे.

तुझी,
काकू

२५ मार्च

काकू,

होकार कळवून झाला होता. तुझं पत्र त्यानंतर आलं.

नवऱ्याने आखलेला कागद उलटा करून ठेवलाय. ठिणगीने तिच्या खोलीचा रंग ठरवला होता, तिला काय सांगू? आणि मला तरी काय सांगू? आठ वाजता पोचायचं म्हणजे हात धुवेपर्यंत ती डोळे चोळायला लागणार. मग आत्ताचं काय वाईट आहे?

नवरा म्हणाला, "तुझ्या काकूंना त्यांच्या घरातली चूक आपल्या घरात दुरुस्त करायची आहे." मी त्याला म्हटलं, असं बोलू नको. पण मलाही जरा तसंच वाटतं. आधी टेकडी डोक्यावर घेतलीस, आता खाली टाकलीस. शाळेचे अर्ज बंद व्हायला तीन आठवडे उरले आहेत.

घाई

३० मार्च

चि. घाईस आशीर्वाद.

जावईबापू बोलले ते मला लागलं नाही. त्यांचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. माझ्या घरातली चूक मात्र आता दुरुस्त होत नाही. ज्यांच्यासाठी करायची ते नाहीत. त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, आणि मी रोज साडेआठला दाराकडे बघते. ते बघणं माझं आहे, मी ते जन्मभर करीन. तुमच्या घराशी त्याचा संबंध नाही. तुमच्या घराशी संबंध आहे तो पुलाचा.

आता ऐक. गोदामांच्या मागे मी जात नव्हते, नावावरूनच नाक मुरडलं होतं. या आठवड्यात तीनदा जाऊन आले. सकाळी तिथून आत, संध्याकाळी आतून तिथे, सगळ्यांबरोबर, सगळ्यांसारखी. जाताना अठ्ठावीस मिनिटं, येताना एकदा पंचवीस आणि एकदा तेहतीस. नदीच्या अलीकडे आहे, पूल लागत नाही.

दोष आधी सांगते, नाहीतर पुन्हा मी काहीतरी डोक्यावर घेतलं म्हणशील. अंगण नाही. झाडं मी मोजली, सगळ्या गल्लीत अकरा. साबणाचं एक गोदाम अजून चालू आहे, दुपारी दोनला अख्ख्या वस्तीला आंघोळ घातल्यासारखा वास येतो. संध्याकाळी सातपर्यंत मालमोटारी मागे घेतात आणि प्रत्येक वेळी पिपाणी वाजते. रिकामी घरं तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. तुमचं कपाट वर चढणार नाही, तुकडे करावे लागतील.

शाळा एका जुन्या गोदामात आहे. छत इतकं उंच की पोरं ओरडली तरी मास्तरांना ऐकू जात नसावं. वाचनालय म्हणजे वऱ्हांड्यातलं एकच कपाट. त्यातल्या एकाही पुस्तकाला कव्हर उरलेलं नाही. मी शिपायाला विचारलं, "नवीन का घेत नाही?" तो म्हणाला, "घेतो की आजी. हीच नवीन आहेत."

आणि संध्याकाळी साडेसहाला काय दिसलं ते सांगते. बसथांब्यापासून आत येणाऱ्या गल्लीत खांद्याला पिशव्या लावलेले बाप आणि आया चालत येत होते, आणि पोरं धावत येऊन त्यांच्या पिशव्यांना लोंबकळत होती. एक बाई आपल्या मुलाला भर गल्लीत रागवत होती, "चप्पल कुठाय दुसरी? एक चप्पल घालून फिरतोस, बगळा आहेस का?" उजेड होता अजून. मी कट्ट्यावर बसून राहिले. माझी एक बस गेली.

निवड तुमची आहे. माझ्या घड्याळावर विसंबू नका. दोघं या, दोन दिवस माझ्याकडे राहा. सुट्टीच्या दिवशी मात्र येऊ नका, कामाच्या दिवशी या. सकाळी टेकडीवरून निघा, संध्याकाळी गोदामांपाशी उतरा. टेकडीच्या मालकांना मी भेटले. भला माणूस आहे. म्हणाले, "इथलं घर रिकामं पडत नाही, त्यांना सांगा निवांत ठरवा." ठिणगीला माझ्याजवळ ठेवा. रंग कुठल्याही भिंतीला लागतो.

तुझी,
काकू

१८ जून

प्रिय काकू,

तुझ्यापासून तीन थांब्यांवर राहायला आले आणि तरी पत्र लिहितेय. फोनवर तू निम्मंच ऐकशील.

एप्रिलमध्ये आलो होतो तेव्हाचं एक तुला सांगायचं राहिलं. सकाळी पुलावर बस उभी राहिली तेव्हा नवरा माझ्या शेजारी उभा होता. पंचवीस मिनिटं नुसता खाली नदीकडे बघत होता. संध्याकाळी गोदामांच्या गल्लीत मालमोटारीची पिपाणी वाजली तेव्हा बाजूला सरकला. मग शाळेच्या दारात थांबला आणि म्हणाला, "तुझ्याकडे पेन आहे का?" अर्ज त्यानेच भरला. कपाटाचे तुकडेही त्यानेच केले. चार केले, पुन्हा जोडताना पाच झाले. आता एक फळी उरली आहे आणि कपाट उभं आहे. ती कुठली हे तो सांगत नाही.

त्याला अंगणाची हळहळ वाटते. मलाही वाटते. दुपारचा साबणाचा वास मला कामावर असल्यामुळे चुकतो, त्याला चुकत नाही. तो म्हणतो, आपण जन्मात इतके स्वच्छ नव्हतो.

सोमवारी कामावर रुजू झाले. माझ्या हाताखालच्या सहाजणांत सर्वांत मोठे गृहस्थ माझ्या वडिलांच्या वयाचे आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी मी बनवलेली कवळी उजेडात धरून सगळीकडून बघितली आणि खाली ठेवली. दुसऱ्या दिवशी मला चहा आणून दिला. पास झाले असावे.

काल सहा दहाला निघाले आणि सहा अडतीसला गल्लीत पोचले. ठिणगी जिन्यात बसली होती. तिने मला हात धुवू दिले, एवढीच सवलत. मग शाळेत सापडलेल्या गोगलगायीची हकीगत सुरू झाली. काकू, पाऊण तास. गोगलगाय खिडकीच्या कडेने निघाली. मग थांबली. मग बाईंनी फळा पुसला, त्याचा गोगलगायीशी काही संबंध नाही, पण ते सांगावं लागलं. मग गोगलगाय पुन्हा निघाली. मी भाजी चिरत हं हं म्हणत होते. दोनदा जांभई दिली. दुसरी तिने पकडली.

"तू ऐकत नाहीयेस," म्हणाली. मला हातातली सुरी खाली ठेवायला लावली, मला समोर बसवलं आणि पुन्हा खिडकीच्या कडेपासून सुरुवात केली.

तुझी,
घाई